सोलापूर, हुरडा आणि भुतांची बाळंतपणं

शुक्रवार

दौंड यायच्या आतच भांडण सुरू झालं आणि ते बरंच झालं म्हणा, नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसचे चार तास सगळ्यांनी मोबाईलमधे डोकं घालून काढले असते. पुण्याहून आम्ही तिघं, मी, सामरी आणि जर्मन. सामरी म्हणजे सहा फुटाच्या वरचा आयटीवाला, रामसे बंधूंच्या हिंदी भूतपटांचा कट्टर भक्त, 'पुराना मंदिर'मधल्या राक्षसाचं नाव कुणीतरी त्याला चिडवायला ठेवलं आणि त्यानं ते इतकं मिरवलं की आता त्याची बायकोपण तीच हाक मारते. जर्मन हा आमच्यातला मूकपटवाला. 1922 च्या जर्मन 'नॉस्फेराटू'नंतर पडद्यावर घाबरण्यासारखं काही झालेलंच नाही असं तो शांतपणे म्हणतो, आणि शांतपणे म्हणतो याचाच जास्त राग येतो. ओळख सगळी पिफच्या, म्हणजे पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, रांगांमधली. जानेवारीच्या थंडीत एकत्र ताटकळून शेवटी पहिल्या ओळीत मान मोडून सिनेमे बघितलेली माणसं आम्ही, ही ओळख लग्नकार्यातल्या ओळखीपेक्षा पक्की असते.

तर भांडण. जर्मनचं म्हणणं, 'नॉस्फेराटू' हा 'ड्रॅक्युला'वरून परवानगी न घेता काढलेला, ब्रॅम स्टोकरच्या बायकोनं कोर्टात खेचलं, कोर्टानं सगळ्या प्रिंटा नष्ट करा म्हणून सांगितलं, तरी काही वाचल्याच, म्हणजे हा पिक्चर स्वतःच भूत होऊन राहिला. ऐकायला भारी वाटतं. सामरी म्हणाला अरे मग आमच्या रामसेंचं काय, समीक्षकांनी कायम हाणलंच ना त्यांना, तरी 1972 च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'पासून उभेच होते की, आणि पुढं टीव्ही आला तर त्यानंही संपले नाहीत, उलट 1993 ला 'झी हॉरर शो' घेऊन घराघरात घुसले. समोरच्या सीटवरचे एक काका इतका वेळ पेपरामागं होते, त्यांनी पेपर खाली केला आणि म्हणाले, 'पुराना मंदिर' आम्ही थेटरात पाहिलाय, जगदीपसाठी. परत पेपर वर. सामरीचं तोंड बघण्यासारखं झालं. (जगदीपचा त्यात 'शोले'ची टर उडवणारा आख्खा वेगळा ट्रॅक आहे, मूळ गोष्टीशी काडीचा संबंध नाही, आणि खोटं कशाला बोलू, मलाही तोच जास्त आठवतो.)

जेऊर अंधारातच मागं गेलं. नागराज मंजुळेंचं गाव म्हणून आम्ही उगाच खिडकीला नाक लावलं, दिसलं काहीच नाही. मी म्हणाले, 'फँड्री'च्या शेवटी तो दगड सरळ आपल्यावर येतो ना, तेव्हा मी थेटरात खरंच मान खाली घातली होती, हे कुठल्या भुताला जमलंय सांगा. यावर मात्र दोघंही गप्प.

सोलापूरला अण्णा प्लॅटफॉर्मवर हजर. "काय करलालाव बे, उतरा की लवकर." अण्णाच्या घरात कन्नड, गल्लीत मराठी, दुकानात गिऱ्हाईक बघून तेलुगू नाहीतर उर्दू. आणि गंमत म्हणजे तो हॉरर बघतच नाही, झोप येते म्हणतो. कन्नड दिग्दर्शक गिरीश कासारवल्लींचा भक्त आहे. घरी त्याच्या आईनं कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही काढून ठेवलेलं, ते खाल्लं आणि आडवे झालो.

शनिवार

सकाळी उठले तेव्हा लातूरची डॉक्टरीणबाई पहिल्या एस्टीनं येऊन चुरमुऱ्यांची सुशीला खात बसलेली. ही बाई स्त्रीरोगतज्ज्ञ, आणि आमच्यात सगळ्यात रक्तबंबाळ सिनेमे हीच बघते. दिवसभर खरं रक्त बघून आलं की पडद्यावरचं रक्त बघून बरं वाटतं म्हणते, कारण ते कुणाला पुसावं लागत नाही.

भुईकोट किल्ला बघितला, बहामनी काळातला आहे, तटावरून सिद्धेश्वर तलाव आणि मधलं देऊळ छान दिसतं. जर्मन बुरजांच्या सावल्यांचे फोटो काढत बसला. आम्ही बाकीचे देवळात जाऊन आलो. याच्यावर जास्त लिहीत नाही, किल्ल्याबद्दल लिहिणारे खूप आहेत.

खरी मजा दुपारी पूर्व भागात आली. तिथं आमचा लूमवाला राहतो, घरात तेलुगू, तीन पिढ्या विणकामात. घराच्या खालच्या मजल्यावरच यंत्रमाग. जिन्यात पाय ठेवला की आवाज नुसता कानात जात नाही, दातात जातो. चादरीचा माग मी पहिल्यांदा इतक्या जवळून बघितला. भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना शिवून त्यांची लांब माळ केलेली असते, ती वरून एकेक कार्ड सरकत खाली येते आणि भोकं असतील तसे धागे उचलले जातात, खाली मोर नाहीतर फूल तयार होत जातं. धूळ नाही, कापसाचा बारीक भुसा सगळीकडं, लूमवाल्याच्या भुवयांवरपण.

लूमवाला आमच्यातला अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंचवाला. 'इरेजरहेड' त्यानं पहिल्यांदा याच घरात रात्री बघितला, खाली माग चालू. त्या सिनेमात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कारखान्याची एक घरघर आहे, लिंच आणि त्याचा साउंडवाला अ‍ॅलन स्प्लेट यांनी मिळून केलेली, आणि इंग्रजी पुस्तकांत त्या आवाजाबद्दल काय काय लिहिलेलं असतं की बाबा किती अस्वस्थ करतो वगैरे. लूमवाला म्हणतो मला तो आवाज आलाच नाही! अर्धा पिक्चर झाल्यावर कळलं की हा आवाज खालचा नाही, टीव्हीतला आहे. पुढं त्यानं जे सांगितलं ते मी अजून विसरले नाहीये. म्हणाला, आमच्या गल्लीत रात्री आवाजानं कुणाला जाग येत नाही, लाईट गेली आणि सगळे माग एकदम बंद पडले की लहान पोरं रडत उठतात. दचकवायच्या सीनच्या आधी पिक्चरवाले जी शांतता ठेवतात ती यांच्या गल्लीत महावितरण फुकट देतं.

चहाला लूमवाल्याची थोरली बहीण पण येऊन बसली. तिनं 2009 ला 'अरुंधती' थेटरात तीनदा बघितलेला. अनुष्का शेट्टीचा. जर्मननं विचारलं, त्यात ग्राफिक्स जरा भडक नाहीत का, तर ती म्हणाली, "भडक असू दे की, बाई जिंकते ना शेवटी." तेवढ्यावर विषय संपला, जर्मननं दुसरं बिस्कीट घेतलं.

संध्याकाळी गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांत होऊन गेली होती पण होम मैदानावर जत्रा अजून भरात होती, आकाशपाळणे, मौत का कुआँ, भांडी, खेळणी, आणि अर्थातच भूतबंगला. आमच्यासारख्यांनी भूतबंगल्यात जाणं म्हणजे आचाऱ्यानं दुसऱ्याच्या लग्नात जेवायला जाण्यासारखं, पण गेलो. आत काळे पडदे, तोंडाला लागणाऱ्या ओल्या पट्ट्या, हिरवा बल्ब, एका कोपऱ्यात हलणारा सांगाडा ज्याचा एक हात सुतळीनं बांधलेला. वळणावर रबरी मुखवटा घातलेलं एक पोरगं किंचाळत अंगावर आलं आणि सामरी, आपला सहा फुटी सामरी, ओरडून मागं सरकला, तर ते भूत मुखवटा वर करून म्हणालं, "दादा तिकडं नका जाऊ, वायर उघडी हाय." डॉक्टरीणबाई तिथंच खाली बसून हसत होती. मला विचाराल तर त्या संध्याकाळी मला खरी भीती त्या वायरचीच वाटली.

बाहेर डिस्को भजी खाल्ली आणि अण्णाच्या घरी रात्रीचा कार्यक्रम. काय बघायचं यावर मतदान, मतं सारखी पडली, शेवटी दोन्ही लावू ठरलं. आधी अण्णाचा 'घटश्राद्ध', मग सामरीचा 'पुराना मंदिर'. ही जोडी कुठल्याच फेस्टिवलवाल्यानं आजवर लावली नसेल.

'घटश्राद्ध' मी आधी बघितला नव्हता. 1977 चा, कासारवल्लींचा पहिला सिनेमा, यू. आर. अनंतमूर्तींच्या कथेवरचा, त्या वर्षीचं सुवर्णकमळ मिळालेला. वेदशाळेत शिकायला आलेलं एक लहान पोर, गुरुजींची तरुण विधवा मुलगी, तिला दिवस गेलेले, आणि हे सगळं त्या पोराच्या नजरेतून. त्याला अर्धं कळतं, अर्धं कळत नाही. संगीत जवळजवळ नाहीच म्हणावं इतकं कमी. शेवटी गावातली सोवळी माणसं एका जिवंत बाईचं श्राद्ध घालतात. मडकं फोडतात आणि ती मेली. चालती बोलती आहे, पण मेली. अण्णा टीव्ही बंद करून एवढंच म्हणाला, "आता दाखव तुझा राक्षस." सामरीला दाखवायची इच्छा राहिली नव्हती खरं तर, पण मतदान ते मतदान.

'पुराना मंदिर' सुरू झाला, आणि मी वाट बघत होते की लोक हसतील, पण घटश्राद्धनंतर कुणाला हसूच येईना. शाप काय आहे माहितीये ना, त्या घराण्यातली प्रत्येक मुलगी बाळंतपणात मरेल. म्हणजे राक्षसाचं मुंडकं एकीकडं, धड एकीकडं, तो हवेलीचा सगळा थाट, हे सगळं बाजूला काढलं तर 1984 चा हा पिक्चर बाळंतपणात मरणाऱ्या बायकांबद्दल आहे. डॉक्टरीणबाई पलंगावर पाय वर घेऊन बसली होती, ती म्हणाली, "तुम्हाला एक विचारू का रे, आपल्याकडं भूत कायम बाळंतपणाच्या खोलीबाहेरच का उभं असतं?"

झालं. रात्रीचे दोन वाजलेले. सगळे याद्या काढायला लागले. लूमवाला म्हणाला, 'इरेजरहेड'मधे तर नुसतं बाळच आहे, बापाला ते बघवत नाही एवढीच गोष्ट. मी म्हणाले 'तुंबाड', सगळं सोनं ठेवलंय कुठं, तर देवीच्या गर्भात, आणि तो राक्षस हस्तर बसलाय पण तिथंच, ती लालभडक मऊ भिंतींची विहीर आठवा, बाईनं सांगितल्याशिवाय माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की तो सेट म्हणजे सरळ गर्भाशय आहे. मी तर 2018 लाही थेटरात बघितला, नंतर 2024 च्या सप्टेंबरात परत लागला आणि पहिल्यापेक्षा जास्त धंदा केला तेव्हाही बघितला, दोन्ही वेळा पावसाकडं बघत बसले. अण्णा म्हणाला पावसाकडंच बघणार की, सोलापूरच्या माणसाला 'तुंबाड' बघून भीती वाटत नाही, हेवा वाटतो. जर्मन म्हणाला 'नॉस्फेराटू'मधे बाळंतपण नाही. सगळे म्हणाले तू झोप.

रविवार

अण्णाच्या मामाचं शेत मोहोळच्या अलीकडं. रस्ताभर उसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या, मागं लाल फडकं आणि पुढं डीजे. आम्ही आमच्या ओम्नीत मागं रांगत. हा जिल्हा कायम दुष्काळाच्या बातम्यांत असतो आणि तरी उजनीच्या पाण्यावर उसाची रानंच्या रानं उभी आहेत, ज्वारी आणि ऊस शेजारी शेजारी, यावर अण्णाचं एक लांब भाषण असतं, ते मी इथं देत नाही.

हुरड्याबद्दल मात्र लिहिणार. जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवलेल्या, त्या आगटीच्या आरात कोवळी कणसं खुपसायची, बाहेर काढली की गरम गरम हातावर चोळायची, कोंडा फुंकायचा आणि हिरवे टपोरे दाणे ताटात. मामी हे काम करत होत्या, कणीस चोळताना त्यांच्या तळव्याला काहीच होत नव्हतं, मी एक चोळून बघितलं आणि लगेच ताटाच्या बाजूला गेले. सोबत शेंगा चटणी, दही, गूळ, बोरं. कुणीही तासभर सिनेमाचं नाव काढलं नाही, हे आमच्या इतिहासात पहिल्यांदा.

अण्णाची आई पण आमच्याबरोबर आली होती. डॉक्टरीणबाईनं तिला रात्रीचाच प्रश्न विचारला. आईनं सरळ उत्तर दिलं. म्हणाल्या, अण्णाच्या वेळी माझ्या उशाशी विळा ठेवलेला, दाराशी विस्तव, पाचवीला सटवाई पुजली, आणि संध्याकाळनंतर बाहेरच्या कुणाला खोलीत येऊ दिलं नाही. कशाला? तर आळवंतीण येते. म्हणजे बाळंतपणात गेलेली बाई, तिला बाळ पाहिजे असतंय. मग जरा थांबून म्हणाल्या, माझ्या थोरल्या जावेचं तसंच झालं, रक्त थांबलं नाही, दवाखाना लांब, बैलगाडीत गेली. आणि नंतर दोन वर्षं लोक तिलाच बघितलं म्हणून सांगायचे, विहिरीवर, चिंचेखाली. "मला काय भ्या वाटायचं नाही बाई, ती मला लई जीव लावायची."

डॉक्टरीणबाई काही बोलली नाही. नंतर मला म्हणाली, अंगावरून जाणारं रक्त थांबलं नाही की किती मिनिटं हातात असतात हे मला माहितीये, आणि तुम्ही लोक विचारता तुला पिक्चरमधलं रक्त बघून काही वाटत नाही का.

अंधार पडल्यावर प्रोजेक्टर लावला. लूमवाल्यानं पांढरं सलग कापड आणलेलं, डबल बेडशीटचं, अजून शिवण न मारलेलं, ते दोन बांबूंना बांधलं, मागं उसाचा फड. सुरुवातीला मी हट्टानं मणी कौल यांचा 'दुविधा' लावला. 1973 चा, विजयदान देथांच्या कथेवरचा. लग्न करून आणलेली नवरी, नवरा दुसऱ्याच दिवशी व्यापाराला पाच वर्षांसाठी निघून जातो, वडाच्या झाडावरचं भूत तिच्यावर भाळतं, नवऱ्याचं रूप घेऊन घरी येतं, आणि तिला, फक्त तिला, खरं सांगून टाकतं. घरच्यांना चालतं, कारण सासऱ्याला रोज सोनं मिळतंय. हीच गोष्ट पुढं 'पहेली'त नाचगाण्यासकट आली. कौलांकडं मात्र माणसं बोलत नाहीत, मागून कुणीतरी सांगतं, मधेच चित्र स्थिर होतं, लाल ओढणी, पांढरी भिंत, हात. माझ्या मते भुताचा इतका सभ्य सिनेमा भारतात दुसरा नाही. लोकांच्या मते काय ते घोरण्यावरून कळलं. शिवाय ऐन शांततेत रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, त्याच्या डीजेवर लावणीचं रिमिक्स, नवरी खिडकीतून बघतीये आणि मागं ढोलकी. अण्णा तेवढा शेवटपर्यंत जागा होता, आणि त्यानंच दाखवून दिलं की नवरा परत येतो तो कधी, तर बायको बाळंत होतेय ही बातमी त्याच्यापर्यंत पोचल्यावर. परत तेच! मीच निवडलेला पिक्चर.

मग सगळ्यांना उठवून 'लपाछपी'. विशाल फुरियांचा, पूजा सावंत आणि उषा नाईक. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी, कर्जात बुडालेला नवरा आठव्या महिन्यातल्या बायकोला घेऊन ड्रायव्हरच्या गावी लपायला येतो, घर चारी बाजूंनी उसात. हिंदीत पुढं 2021 ला 'छोरी' झाला तो यावरूनच. उसाच्या फडापुढं उसाचा पिक्चर लावायची आयडिया सामरीची, आणि ती चालली. वाऱ्यानं कापड जरा फुगायचं तेव्हा पडद्यावरचा ऊस आणि मागचा ऊस एकदमच हलायचा, पाचटाचा तो कोरडा आवाज आता कुठून येतोय हे कळायचं बंद झालं. प्रोजेक्टरच्या उजेडात हुरड्याचा कोंडा उडताना दिसत होता. उषा नाईक नुसत्या गोड बोलतात तरी पाठीत थंडी भरते, त्यांना त्या भूमिकेसाठी जितकं डोक्यावर घ्यायला पाहिजे होतं तितकं कुणी घेतलं नाही असं माझं ठाम मत आहे.

आणि ऐन वेळी उसातून खरंच माणूस बाहेर आला. डोक्याला मफलर, हातात बॅटरी आणि काठी, पायात चिखलानं भरलेले गमबूट. कोण कुठं पळालं सांगत नाही. शेजारच्या रानातले दादा होते, त्या आठवड्यात रात्रीची लाईट, त्यामुळं मोटार चालू करून दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, निघालेले. ते पाच मिनिटं काठीला टेकून पिक्चर बघत उभे राहिले आणि म्हणाले, "ह्यांचा ऊस लई विरळ लावलाय बघा, असल्या उसात कोण हरवतंय." मी विचारलं, दादा तुम्हाला भुताची भीती नाही वाटत का रात्रीची? ते म्हणाले भुताला कोण घाबरतंय, बिबट्याचं बोला. ते काही गमतीनं म्हणत नव्हते, 2020 च्या डिसेंबरात करमाळा तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, शेवटी त्याला गोळी घालावी लागली, तेव्हापासून रात्री पाणी द्यायला एकटं जायचं म्हणजे काय असतं ते आपल्याला पुण्यात बसून कळणार नाही. बॅटरीचा उजेड लांब लांब जाईपर्यंत पिक्चर थांबवून ठेवला होता.

शेवट सांगत नाही. पण त्या घरात पोरींचं काय करतात हे कळतं तेव्हा डॉक्टरीणबाई उठून आगटीकडं जाऊन बसली. तिच्या खोलीबाहेर कायद्यानं लावायचा बोर्ड असतो, इथं गर्भलिंगनिदान होत नाही म्हणून, आणि तरी विचारणारे विचारतातच, हे ती आधी कधी बोलली नव्हती.

सोमवार

सकाळ खरेदीत गेली. चादरी घेतल्या, शेंगा चटणी घेतली, जर्मननं टॉवेल घेतले आणि भाव करताना त्याचा शांतपणा पहिल्यांदा सुटला. लूमवाल्यानं कोपरानं ढोसलं, "तेवढ्यालाच पडतंय बे, घे की."

स्टेशनवर जाईपर्यंत एकच विषय, डॉक्टरीणबाईंचा नियम, म्हणजे भूत आलं की बाळंतपण आलंच, तो मोडायचा कसा. सामरी 'झपाटलेला' घेऊन आला होता, रात्रभर विचार करून. त्यात गुंड आहे, पोलीस आहे, बाहुला आहे, बाळंतपण कुठंय? 1993 ला तात्या विंचूनं आख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांना पलंगाखाली बघायची सवय लावली, आमच्या पिढीचं भूत तेच, आणि ते पूर्ण पुरुषी. डॉक्टरीणबाई म्हणाली, "मेलेला गुंड बाहुल्यात जीव घालतो आणि मग परत माणसाच्या अंगात यायला धडपडतो. बाईला मधे न घेता जन्म घ्यायचा शॉर्टकट आहे तो सामऱ्या, नियमातच बसतो." सामरी हरला असं मला वाटत नाही, पण त्याला उत्तर सुचलं नाही हे खरं. जर्मन परत म्हणाला 'नॉस्फेराटू', आणि यावेळी कुणी त्याला झोप म्हणालं नाही, कारण खरंच दुसरा सापडत नव्हता. तो इतका खूष झाला की त्यानं सगळ्यांना चहा पाजला.

पुढचं जमणं लातूरला ठरलंय, उन्हाळ्यात, बाईंच्या गच्चीवर. अट एकच, ज्यात कुणी गरोदर नाही, बाळ नाही, शाप घराण्याला नाही असे सिनेमे आणायचे. अण्णा म्हणाला मग मी कशाला येऊ, माझे सगळेच बाद. गाडी सुटेपर्यंत यादीत तीनच नावं झाली होती, त्यातल्या दोनावर लूमवाल्याचा आक्षेप आहे.